पडलेली मोपेड

मावशी उभ्या मोपेडला हलकेच धक्का द्यायच्या. ती धाडकन आडवी झाली की समोरच्या बाईला म्हणायच्या, "पडली बया. आता उचल."

हा पहिला धडा. नव्वदीच्या दशकात आमच्या पंचवटीच्या बाजूला बायकांना गाडी शिकवणाऱ्या त्या एकट्याच. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा होता. पहाटे टोपल्या बांधून त्या फुलबाजारात जायच्या आणि संध्याकाळी मळ्यालगतच्या मैदानात शिकवायच्या. आधी पडलेली गाडी उचलायची. मग ती बंद ठेवून हाताने धरून फिरवायची. मग नुसत्या पायडलवर ब्रेक दाबायला शिकायचं. "इंजिन शेवटी," त्या म्हणत. "त्याला लय घाई असते."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि स्त्रीमुक्तीची पत्रकं वाटत होते. तुम्हीही पाहिलं असेल, बाईने गाडी चालवावी का यावर पुरुष तासन्‌तास बोलतात आणि बाईला कुणी विचारत नाही. हेच भाषण मी मैदानात सुरू केलं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि माझ्या पत्रकांचा गठ्ठा कॅरिअरला करकचून बांधला. "डबलसीटची सवय व्हायला वजन पायजेच होतं. तुझी क्रांती बरी हाय, हलत नाय."

मला राग आला. गठ्ठा मात्र खरंच हलत नव्हता.

सुमन आमच्या गल्लीतली. तिला दिंडोरीच्या बाजूच्या एका गावात अंगणवाडीवर नोकरी लागली होती. तिथे वेळेवर पोचवणारी एसटी नव्हती, म्हणून ती मावशींकडे गाडी शिकायला आली. सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी दुसरीला जाणार होती. नवऱ्याने परवानगी दिली, तीही अट घालून: "एकदा जरी पडलीस, तर गाडी बंद." मी संतापून पत्रक लिहायला बसले. मावशी म्हणाल्या, "लिही. तवर आम्ही ब्रेक दाबतो."

शनिवारी तो स्वतःच आपल्या स्कूटरवरून मैदानात आला. मावशींनी नुकतीच चालू गाडी आडवी केली होती. तो लांबूनच ओरडला, "पडली ना? मी काय म्हणालो होतो?"

"मी पाडली, जावईबापू. जरा उचलून दाखवता का? पोरींना पाहू द्या."

त्याने बाह्या सरसावल्या, उजव्या हाताने हँडल गच्च धरलं आणि जोर लावला. इंजिन बंद करायला तो विसरला. मुठीत ॲक्सिलरेटर पिळला गेला, गाडी उभी राहिली आणि त्याला घेऊन थेट झेंडूच्या वाफ्यात शिरली. इंजिन चालू आहे हे मावशी सांगायला विसरल्या, की मुद्दाम बोलल्या नाहीत? त्या प्रश्नावर मी आजवर तोंड उघडलेलं नाही.

"लागलं का?" मावशींनी आधी विचारलं. लागलं नव्हतं. "मग जावईबापू, आता तुमची स्कूटर बंद का?"

बायका हसल्या. सुमन हसली नाही. ती वाफ्यात गेली, इंजिन बंद केलं, हँडल वळवलं, सीटला मांडी लावली आणि गाडी सरळ उभी केली. नवऱ्याने शर्टातल्या पाकळ्या झटकल्या आणि उभ्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"सोमवारी जा," तो म्हणाला. "पण हळू."

सोमवारी निरोप द्यायला मैदानाशी सगळ्या जमल्या, मावशी सोडून. येणार नाही म्हणाल्या म्हणून आदल्या दिवशीच मी त्यांच्याशी भांडले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मी हुभी राहिले तर ती माझ्याकडं बघंल. रस्त्याकडं कोण बघंल? शिकवणारीनं दिसायचं नाय."

आता मावशी नाहीत. मळ्यावर इमारत उभी आहे. पण त्या सकाळी सुमनची मोपेड वळणावर थोडी डळमळली, सावरली आणि निघून गेली, तेव्हा मी सहज मळ्याकडे पाहिलं. शेवंतीमागे उकिडव्या बसून, दोन्ही मुठी आवळून मावशी हवेतले ब्रेक दाबत होत्या.