बैलाविना ओढलेलं गाव

बार्शीला छोट्या आगगाडीतून उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक छत्री आणि भूमच्या मित्राला दिलेलं 'पोळ्याला येतो' हे वचन होतं. यांतली ट्रंकच तेवढी धड पोचली.

बार्शी इंग्रजांची. भाड्याच्या बैलगाडीनं एक ओढा ओलांडला आणि निजामाचं राज्य लागलं. पलीकडे करोडगिरीचा (जकातीचा) नाका. जमादारानं माझी ट्रंक उपसली, केसांच्या तेलाची बाटली हुंगली, "वास लई ग्वाड" असा निकाल दिला आणि मी कुठून आलो, कुठं चाललो ते उर्दूत लिहून घेतलं. शेजारी गावांची यादी टांगलेली होती. यादीत नसलेल्या गावाला जायची त्या राज्यात सोय नव्हती.

दुपारी शेवरी नावाच्या तीस-चाळीस उंबऱ्यांच्या गावात गाडीवानानं बैल सोडले.

"अहो, भूम?"

"भूम परवा. आज खांदमळणी, उद्या पोळा. आता मानेवर जू ठेवलं तर बैल माफ करील, माझी म्हातारी न्हाय करायची!"

खांदमळणी म्हणजे वर्षभर राबलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळणं. पोळ्याला त्यांना कुणी जुंपत नाही. मी ट्रंकेवर बसून थोडा वेळ रुसलो आणि मग चावडीत गेलो.

आत शेवरीचे म्हातारे बापू पाटील आणि कासीमभाई पिंजारी बस्ते (दप्तराची गाठोडी) बांधत होते. पाटलांएवढ्या मिशीचा माणूस इतक्या हलक्या हातानं गाठ मारताना मी पाहिला नव्हता.

"कुणाचं सामान?" मी विचारलं.

"गावाचं," पाटील म्हणाले. "गाव चाललंय."

मग सगळं कळलं. शेवरी जहागिरीतलं गाव. पाटलांच्या आजोबांच्या काळी हा मुलूख सात वर्षं इंग्रजांकडे गेला नि परत आला. "झेंडं बदललं, पर चावडी हालली न्हाय." आता जहागीरदार निपुत्रिक वारले, गाव सरकारजमा झालं, आणि तहसिलीनं ठरवलं की एवढ्याशा गावाला वेगळी चावडी, वेगळा पाटील कशाला? शेजारच्या हिवऱ्यात घालून टाका. दप्तर हिवऱ्याला पोचवायची तारीख उद्याची. सरकारी महिने मेहेर, आबान असे इराणी नावांचे. त्या तारखेला पोळा येतो हे हुकूम लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं.

"दोन दिवस उशीर केला तर?"

"हुकूम मोडल्याचा ठपका समद्या गावावर येईल. दप्तराचं काय न्हाय हो," पाटील गाठीकडे बघत म्हणाले. "शेवरीच्या वेशीत पोळ्याला पयला बैल माझा. उद्या परक्या वेशीत आमी सगळ्यांच्या मागं. ते बघायला जगलो."

सकाळी बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढल्या. बस्ते गाडीत रचले. आणि सगळे गाडीकडे बघत उभे राहिले.

"मेरेकू जुंपो, पाटील," कासीमभाई म्हणाले. "अम्मा मेरी बचपन से बैलच बोलती!"

पाटलांनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि जुवाखाली आपला खांदा घातला. दुसऱ्या बाजूला कासीमभाई. आम्ही मागून रेटायला. सजलेले बैल मोकळ्या मानेनं शेजारून चालले होते आणि आपल्या मालकांकडे बघत होते, म्हणजे मला तरी तसं वाटलं. चढावर गाडी मागं सरकली तेव्हा मी प्रसंगावधान राखून चाकाखाली छत्री घातली. छत्रीचं पुढं काय झालं ते विचारू नये.

हिवऱ्याच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली बैलांची रांग, सगळ्यांत पुढं हिवऱ्याच्या तरुण पाटलांचा बैल. आम्हाला बघून ताशा थांबला.

"आधी तुमचं जाऊंद्यात," बापू पाटील धापा टाकत म्हणाले. "आमी शेवटाला."

तरुण पाटील जवळ आले. म्हाताऱ्याचा लालभडक खांदा बघत राहिले.

"काका, काल ह्यो खांदा कुणी मळला का न्हाय?"

"बैलांचं समदं केलं बग. माझंच ऱ्हायलं."

त्यांनी हळद-लोण्याची वाटी मागवली आणि स्वतःच्या हातानं तो खांदा चोळला.

"भाई, मेरेकू बी," कासीमभाई म्हणाले. "गुदगुल्या होत्यात, पर लगाव!"

वेस हसली. तरुण पाटलांनी आपला बैल बाजूला घेतला. "जू उतरवू नका, काका. पोळ्याला मान राबणाऱ्याचा. व्हा फुडं."

तोरणाखालून पहिल्यांदा शेवरीची गाडी गेली. हिवऱ्याच्या चावडीत बस्ते उतरले, कारकुनानं पोच दिली, आणि शेवरी संपली.

भूमला एक दिवस उशिरा पोचलो. मित्र रुसला, मग त्यानं जेवू घातलं. परतताना वाटेत शेवरीला थांबलो. रिकाम्या चावडीत बापू पाटील बसलेले, समोर बांधावरून भांडणारे दोघे. हिवऱ्याला जा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी गेले नसते. मोडलेलं गाव मला जरा जास्तच गजबजलेलं दिसलं. पाटलीणबाईंनी वाटेसाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या.

नाक्यावर पुन्हा तोच जमादार.

"कुठनं आलासा?"

"शेवरीहून."

त्यानं यादी पाहिली. शेवरीवर ताजी रेघ होती. "ह्या नावाचं गाव न्हाय."

मी फडकं सोडून त्याच्यापुढं एक पोळी ठेवली. त्यानं ती खाल्ली. दुसरी ठेवली. तीही खाल्ली.

"गाव न्हाय म्हणता," मी विचारलं, "मग ही पोळी कुठली?"

त्यानं तुपाची बोटं सदऱ्याला पुसली, टाक दौतीत बुडवला आणि उजवीकडून डावीकडे सावकाश लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "शेवरी."