पूर्वेकडे तोंड करून

तमाम लहानथोर वाचकांना, डोक्यावरची टोपी काढून आणि चेहरा शक्य तितका लांब करून, कळवण्यात येते की प्रभू येशू ख्रिस्त या जगाचा न्याय करायला पुन्हा येईल तेव्हा तो अकोल्यात मूर्तिजापूरच्या वाटेनं येईल. बातमी माझ्या भाटव्यांची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. मी नुसता दवंडीवाला.

भाटवे जाडंभरडं कापड विणत. नागपूरचा पादरी हिवाळ्यात एकदा तट्टावर बसून यायचा, आमच्या चार घरांना प्रार्थना शिकवून जायचा. शेवटच्या दिवसांची लक्षणं त्यानंच सांगितली होती: दूरदेशी लढाया होतील, धान्य मिळेनासं होईल, रोगराई येईल, आणि मग पूर्वेकडून वीज चमकावी तसा तो येईल. भाटव्यांनी अंगणात उभं राहून पूर्व पाहिली. पूर्वेला मूर्तिजापूर होतं. झालं.

मी तेव्हा खूप हसलो होतो. पण लक्षणं एकेक करून दारात येऊन उभी राहिली, त्याला काय करावं? सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्याच्याकडे टीचभर काळी जमीन, त्यानं ज्वारी सोडून कापूस पेरला. मग ज्वारी महागली. सूत तर इतकं महागलं की विणकराचा माग थांबला. दारावरून दिवसभर कापसाच्या गाड्या जात आणि विणकर उपाशी. गाडीतून उडालेले पुंजके काट्याकुपाट्यांतून वेचून माझी बहीण कातायला बसायची. आम्ही तिला बाई म्हणत असू. भाटवे तिला म्हणायचे, "पाहून घे. लढाई झाली, महागाई झाली. आता एकच राह्यलं."

उन्हाळ्यात तेही आलं. पटकी.

मी अमरावतीला रुईच्या गाठी बांधायच्या कामावर होतो. खबर लागली तसा अकोल्याकडे परतणाऱ्या एका रिकाम्या गाडीत बसून निघालो. पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता आणि भाटवे रोजच्यासारखे गावाबाहेर वाटेवर उभे होते. माझ्या पाठीमागे तांबडं ऊन, केसांना, दाढीला, अंगाला कापूस चिकटलेला. मी चमकत असणार. भाटव्यांनी दोन्ही हात जोडले आणि गुडघे टेकले. मग गाडी जवळ आली. एखाद्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"तू होय काय रे?"

"मीच. न्याय करायले नाई, भाकर खायले आलो."

"भाकर नाई घरात. उतर आन घागर घे."

पटकीच्या माणसाला पाणी देऊ नये, असं तेव्हा सगळे म्हणत. घराघरातून लोक पाणी पाणी करत होते आणि त्यांचीच माणसं कान झाकून ओट्यावर बसलेली. भाटवे पाणी द्यायचे. आम्ही बाटलो म्हणून ज्यांनी आमचा विहिरीवरचा हात बंद केला होता, त्यांच्याही घरी द्यायचे. मग ती माणसं कुणाच्या हातचं आहे ते विचारत नसत. काही जगली, बरीच मेली. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊजी, जग बुडूनच राह्यलं तर पानी काहून वाहता?"

"तो येईन तवा मी घरात लपलेला दिसू काय त्याले?" ते म्हणाले आणि घागर उचलून चालू लागले.

मी आता त्यांच्या वयाचा झालो आहे. सकाळी दार उघडलं की मीही आधी पूर्वेकडे पाहतो. मूर्तिजापूरची वाट इथून दिसत नाही, तरी पाहतो.

एका दुपारी त्यांनी घागर मध्येच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत गाल आत गेले, नखं निळी झाली. बाईचा हात धरून एवढंच बोलले, "माहं तोंड पूर्वेकडे ठेवजो. उठल्यावर तो समोर दिसला पाह्यजे." बाईनं हो म्हटलं.

त्यांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. जातवाल्यांनी आपल्या जागेत पुरू दिलं नाही. तेव्हा फकिराच्या तकियाजवळच्या कबरस्तानात कबरी खणणारा म्हातारा चाचा स्वतः येऊन म्हणाला, "माह्या सुनेले त्यानं पानी पाजलं. घेऊन या." घरात कफनापुरतं कापड नव्हतं. बाईनं मागावर अर्धवट राहिलेला तुकडा कापला. बाज एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं चाचानं. मागून बाई आली. बाईमाणसानं येऊ नये म्हणायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

कबर तयार होती, आणि बघताक्षणी बाई खाली बसली. चाचानं ती आपल्या रीतीनं खणली होती, उत्तर-दक्षिण. त्या रीतीत डोकं उत्तरेला, उजवी कूस, तोंड पश्चिमेला, मक्केच्या दिशेला, म्हणजे किबल्याकडे.

"चाचा, ह्यायची पाठ होते पूर्वेकडे. दुसरी खना."

"बेटी, जमीन दगड झाली. आन ते पाह्य." झाडाखाली आणखी तीन बाजा वाट पाहत होत्या.

बाईनं जरा वेळ खड्ड्याकडे पाहिलं. "मंग डाव्या कुशीवर निजवा."

चाचा कुदळीवर रेलला. "इथं कोनी किबल्याकडे पाठ करून निजत नाई, बेटी. कयामत तुही निराळी हाय काय?"

"ते मले ठाव नाई. मानूस माहा हाय."

चाचानं चेहरा पुसला. "निजव. पन कूस तूच दे. माह्या हातानं नाई होत."

त्यानं आणि मी भाटव्यांना खाली ठेवलं आणि बाहेर आलो. बाई आत उतरली. तिनं त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, चेहऱ्यावरचं कापड सारखं केलं. पाठीमागे काळ्या मातीची ढेकळं एकावर एक नीट रचली, कलंडू नयेत म्हणून. पादरी नागपूरला, तेव्हा प्रार्थना माझ्याकडे आली. मला एकच येत होती. तीही, देवाचं राज्य येवो असं मागायचं असतं तिथं, तुटली. चाचा मान खाली घालून उभा होता. बाईनं शेवटचं ढेकूळ दाबून बसवलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जलमभर एका कुशीवर निजले नाई तुमी. आता तो येईस्तोवर हलू नका."