निळ्या फुलाचा पत्रा

परशराम अण्णा विसरले नव्हते. मी खोटं बोललो होतो.

काल सकाळी कंग्राळीला अण्णा वारले. जुन्या गाडीचं काम निघालं की अख्खं बेळगाव ज्यांचं दार ठोठावायचं, ते मेकॅनिक अण्णा. कालपासून आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतायत. मीही एक टाकला. मग स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून हे लिहितोय. ज्या प्रोफाइलवर त्यांची बदनामी केली, तिथेच.

आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, काळी गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. माझ्या लग्नात नवरा-नवरीपेक्षा तिच्यासोबत जास्त फोटो निघाले होते.

तिच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, खालच्या अंगाला, वीतभर लोखंडी ब्रॅकेट असतो. कुणाला दिसत नाही, पण दोघांना तोच धरून ठेवतो.

आमचा मोडला. नवा कुठेच मिळेना. अण्णांनी जाड पट्टी कापली, दोन दिवस कानशीने घासली आणि स्वतः एक बनवला.

बसवताना एका बाजूला बारीक फट राहिली. त्यांनी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्या फटीत घातला. पत्र्यावर अर्धं निळं फूल होतं.

मी हसलो. "अण्णा, बिस्किटाचा डबा?"

"हसू नगंस. ही सोयरीक हाय रं. दोन्ही घरं आदी सरळ जुळाय पायजेत. वडून गाठ मारलास की कुणाचं तरी मोडतंयच."

गाडी छान चालली. माझं डोकं मात्र चाललं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या क्लबची कोल्हापूर ट्रिप ठरली. मला इंजिन चकचकीत करायची हौस आली. यूट्यूब बघून मीच ब्रॅकेट काढला, सगळं धुतलं, पुसलं. निळ्या फुलाचा तुकडा मला कचरा वाटला. बाजूला टाकला.

परत बसवताना फट दिसली. जास्त जोर मिळावा म्हणून पान्ह्याला पाइप लावला आणि बोल्ट आवळून आवळून ती मिटवली. फार हुशार वाटलं स्वतःला.

तवंदी घाट उतरताना गाडीखाली खाडकन आवाज झाला. कसाबसा निपाणीत पोचलो. ब्रॅकेट जिथे बसतो, तिथेच गिअरबॉक्सचं लोखंड तडकलं होतं.

क्लबचे सगळे भोवती जमले. "काम कुणी केलं होतं?"

मी अण्णांचं नाव सांगितलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिथेच उभ्या उभ्या फोटोसकट पोस्ट टाकली. "परशराम अण्णांचा जुगाड नडला. वय झालं की माणसाने थांबावं."

तुमच्यातले बरेच जण त्यावर हसले होते. दोष तुमचा नाही.

आणि मग मदतीला फोन कुणाला केला? अण्णांनाच. निर्लज्जपणालाही काही हद्द असते, मी ती ओलांडली.

पिशवीत हत्यारं घालून अण्णा बसने निपाणीला आले. त्या वयात रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. ब्रॅकेटची कड बोटाने चाचपली.

"महेश, पत्रा कुठाय रं?"

"कसला पत्रा?"

"मी घातलतो की. तू ब्रॅकेट काढलतास काय?"

सगळे ऐकत होते. पोस्ट तर आधीच गेली होती.

"न्हाय अण्णा. वरनं धुतलो फक्त. त्याला हातबी लावलो न्हाय."

अण्णा बाहेर आले. चाकाला टेकून बसले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"मग माझंच चुकलं असंल. घातल्यालं साफ आठवतंय बघ मला. पण तू कशाला खोटं बोलशील."

महिन्याभराने तो पत्रा माझ्याच टूलबॉक्सच्या तळाशी सापडला. मी पोस्ट डिलीट केली. अण्णांकडे गेलो नाही. टिळकवाडीतल्या माझ्या घरून कंग्राळी स्कूटरवर वीस मिनिटं. तीन वर्षांत ती वीस मिनिटं मला काढता आली नाहीत.

मला वाटायचं, अण्णांना सगळं कळलंय, मोठ्या मनाने त्यांनी गिळलंय. सोयीचं होतं ते.

काल मातीला गेलो. त्यांची मुलगी सुमन ओसरीत बसली होती. मला बघून म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीनंतर अण्णा पान्हा धरलेच न्हाईत. म्हणायचे, माझ्या डोस्क्यात घोळ झालाय गं. न केल्यालं काम केल्यासारखं आठवतंय मला. मग सारखं विचारायचे. दार लावलो काय गं? गोळी घेतलो काय? मी जेवलो काय गं?"

मी मान हलवली आणि चप्पल घालून निघून आलो. तिथेही तोंड उघडलं नाही.

आज ही पोस्ट टाकण्याआधी सुमनला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "हे अण्णांना सांगायचं हुतं, दादा. मला सांगून काय करू?"

आणि फोन ठेवला.

पत्रा आत्ता समोर टेबलावर आहे. अर्ध्या फुलाचा रंगही उडालेला नाही.

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. जे अण्णांना निपाणीत सांगायचं होतं, ते आज सगळ्यांसमोर सांगतो.

अण्णा, तुमचं डोकं शाबूत होतं.

पत्रा तुम्ही बसवला होता.