उत्तराच्या ब्लॉगवरचं शहाळं

उत्तरा साळवे मुलुंडच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन होती. हात इतका हलका, की सुई तिनेच टोचावी म्हणून पेशंट हटून बसत. मशीन सुरू झालं की माणूस चार तास बेडला बांधलेला. मग माणसं बोलतात. लेकीचं लग्न, गावचं घर, भावाशी झालेलं जुनं भांडण. उत्तरा ऐकायची, आणि घाटकोपरला घरी आल्यावर कुकर लावून ओट्याशी उभ्या उभ्या मोबाइलवर लिहायची. ब्लॉगचं नाव ‘चार तास’. तिचं स्वतःचं नाव त्यावर कुठेच नव्हतं आणि पेशंटांची नावं बदललेली. वाचणारे दोनेकशे असतील, त्यात ओळखीचं कुणी नाही. तेच तिला बरं वाटायचं.

गुणाजी परब पाच वर्षं तिच्याकडे येत होते. मूळचे मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून संसार ओढलेला माणूस. त्यांना पाणीसुद्धा मोजून मिळे आणि शहाळं तर साफ बंद, कारण त्यातलं पोटॅशियम थेट हृदयावर उठतं. एक दिवस ते हळूच म्हणाले, की महिन्यातून एकदा सेंटरला येताना स्टेशनबाहेर ते शहाळ्याचे चार घोट घेतात.

“काका, जिवावर बेतेल हं!” उत्तरा ओरडलीच.

“ओरड बापडे. पण घराकडे सांगा नको.”

तिने डॉक्टरांच्या कानावर घातलं, घरी मात्र कळवलं नाही. आणि त्या संध्याकाळी ब्लॉगवर देवगडच्या शंकरकाकांची गोष्ट लिहिली. घोट गिळताना डोळे मिटणारा, शहाळेवाल्याला ‘मलई नको’ सांगून तिच्याकडेच आशाळभूतपणे बघत राहणारा म्हातारा. छान उतरलं होतं ते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि फिरत फिरत गुणाजींच्या सुनेकडे पोचलं. गोष्टीतलं गिरणीत तुटलेलं डाव्या हाताचं बोट वाचताच तिने सासरे ओळखले, हे त्यांनी एकट्या उत्तरालाच सांगितल्याचं त्यांच्याकडून काढून घेतलं आणि सेंटरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मृणालिनी प्रधान यांनी उत्तराला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सगळ्या ब्लॉगच्या प्रिंट. ‘दहा बेडना सहा ब्लँकेटं’ ही ओळ कुणीतरी लाल पेनाने गोल केलेली. उत्तराने त्याचंच उत्तर मनात घोकून ठेवलं होतं.

“मॅडम, पेशंट थंडीने कुडकुडतात ते खरं आहे.”

“खरं आहे. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही,” मृणालिनी म्हणाल्या. “पण परबांना तू विचारलं होतंस?”

उत्तराने विचारलं नव्हतं. नाव बदललं की झालं, असंच ती धरून चालली होती.

ट्रस्टींना तिला काढूनच टाकायचं होतं. मृणालिनीबाईंनी रदबदली केली आणि लेखी ताकिदीवर भागलं. ब्लॉग मात्र बंद करायचा. उत्तराने तो त्याच दिवशी पुसून टाकला. नोकरी वाचली, तरी घरी जाताना तिला मोकळं वाटेना.

गुणाजींनी बेड बदलून घेतला. दोन आठवडे तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी तीच त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

“काका, चुकलं माझं.”

“मी तुका सांगलंय ता तुका एकटीक,” ते छताकडे बघत म्हणाले. “आता माका एकट्याक कोण भायर सोडणत नाय. सून सोबत येता, धाकट्या पोराक नेल्यासारखी.” मग म्हणाले, “लिवलंस मात्र बरा. सून वाचून रडली.”

पुढच्या खेपेला ते आपणहून तिच्या बेडवर आले आणि हात पुढे केला. बोलणं सुरू झालं, पण ते क्रिकेटचं आणि भाजीच्या भावाचं.

ब्लँकेटं आली. वर्षभराने ट्रस्टच्या स्मरणिकेसाठी मृणालिनीबाईंनी उत्तराकडूनच लेख मागितला. ती वही घेऊन एकेका बेडपाशी गेली, आठ जणांना विचारलं. पाच जण हो म्हणाले. त्यातल्या सहदेव भोईरांनी तर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव छापायची अट घातली.

गुणाजी नको म्हणाले. उत्तराने मान डोलावली आणि त्यांचा रक्तदाब बघायला घेतला.