कोपीतला सहावा

इरा, नील,

पार्सल उघडल्याचा फोटो पाहिला. मेन्यूकार्डं न दुमडता पोचली, मगांचा कुठे टवका उडाला नाही, बरं वाटलं. पण इराने लगेच विचारलं, "आजी, तो आठी घातलेला ब्राउन मग कुठाय?" फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी जन्मभर मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवलेली बाई आहे. कुणाच्या अंगात आलं तर मी त्याला आधी पाणी देते आणि मग बीपी तपासायला पाठवते. आमच्या कॉलनीत रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते अशी आवई उठली होती, तेव्हा ती बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या बंगल्यातून कचरा टाकायला येणारी शेजारीण, हे मीच शोधून काढलं होतं. तेव्हा पुढचं वाचताना आजीला वयामुळे भास होतात असं म्हणू नका.

नीलला हा संग्रह नीट माहीत नाही. आजोबा तरुणपणी शेतीचं शिकायला अमेरिकेत गेले, तेव्हा संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासायचे. आत बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, प्लास्टिकची फुलं आणि नळावर चालणारा धबधबा... पॅसिफिक समुद्रातल्या बेटांची ही नक्कल! अशा हॉटेलाला अमेरिकेत टिकी बार म्हणतात. मालकाने ती बेटं जन्मात पाहिली नव्हती. दारू द्यायची ती चेहरे कोरलेल्या मातीच्या मगांतून. तिकडच्या बेटांवर ते चेहरे कुणाचे तरी देव, कुणाचे तरी पूर्वज. इथे त्यांच्या डोक्यात स्ट्रॉ खुपसून लोक रम प्यायचे. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालक म्हणाला, हवं ते घेऊन जा. आजोबांनी ब्राउन मग स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. पुढे अमेरिकेत तुमच्याकडे आलो की आम्ही दोघं जुन्या बाजारांतून हिंडायचो आणि अशा बंद पडलेल्या हॉटेलांच्या काड्यापेट्या, मेन्यूकार्डं, पेय ढवळायच्या काड्या, मग शोधून आणायचो.

धाराशिवच्या घरात हॉलमधल्या काचेच्या कपाटात हे सगळं मी लावून ठेवलं होतं. प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी स्वयंपाकघरात खिळ्याला. ती रुक्मिण पुसायच्या दिवशी घ्यायची. रुक्मिण तुमचे बाबा शाळेत होते तेव्हापासून आपल्याकडे कामाला येते. तेरच्या रस्त्याला तिचं शेत आहे, आणि दर येळवशीला मी तिथे जेवायला असते.

नील, येळवस म्हणजे वेळा अमावास्या, ऐन थंडीत येते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. त्यांना आंबिलाचा नैवेद्य. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, आणि आदल्या दिवशीच आंबायला ठेवलेलं. एवढं मोठं मडकं भरून आंबील इथे वर्षातून तेव्हाच होतं.

मागच्या येळवशीला इरा इथे होती. कोप पाहून ती ओरडलीच, "आजी, ही तर टिकी बार आहे!" फोटोसाठी घरून आणलेला ब्राउन मग तिने पिशवीतून काढला आणि पांडवांच्या रांगेत नेऊन ठेवला. फोटो काढेपर्यंत रुक्मिण आंबील घेऊन आली. तिने पाची जणांना चुन्याचं बोट लावलं, आंबील वाहिलं, आणि सहाव्यालाही लावलं. वरून त्याच्यात काठोकाठ आंबीलही भरलं.

"अगं, तो हॉटेलातला मग आहे," मी म्हटलं.

"कोपीत बसलाय न्हवं? मग त्याला एकट्याला उपाशी ठिवायचं व्हय?" रुक्मिण म्हणाली.

आम्ही हसलो. घरी येऊन मी मग स्वच्छ धुतला, पुसला, जागेवर ठेवला. इरा परत गेली.

भर उन्हाळ्यात एका सकाळी कपाट उघडलं तर आंबट वास आला. मगाच्या आत पांढरट थर, तळाशी ओल... कुणीतरी पिऊन ठेवल्यासारखी. मी रुक्मिणला हाक मारली.

"ह्यात आंबील कुणी ओतलं?"

"ह्या उनात आंबील कुठनं आणू बाई?"

"वास घे."

तिने वास घेतला आणि पदर डोक्यावर ओढला. तिथेच मला संशय आला. माणूस काही लपवताना असंच काहीतरी करतं.

"पेल्यागत दिसतंय," ती हळूच म्हणाली.

"कोण प्यालं?"

"ते म्या काय सांगू? वस्तू तुमची हाय."

मी मग धुतला. खिळ्यावरची किल्ली काढून स्वतःजवळ ठेवली आणि रुक्मिणवर नजर ठेवू लागले. ती पिशवीतून काय आणते, हॉलमध्ये किती वेळ रेंगाळते, कपाटाजवळून जाताना काय पुटपुटते. ती पुटपुटायची, हे नक्की. आणि काही दिवसांनी मग पुन्हा ओला. तोच वास. लसणाचासुद्धा!

त्या दिवशी मी सरळ बोलले. "दुसरी किल्ली करून घेतलीस का?"

रुक्मिणने हातातलं फडकं खाली ठेवलं. "बाई, मला पाजायचंच असतं तर तुमच्यासमोर पाजलं असतं. देवाला पाजाया चोरी कशाची?"

"तो देव नाही. हॉटेलातला आहे."

"तर हॉटेलवाल्याला इचारा की! मला कशापायी इचारता?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "तुमच्या घरातली चिमूटभर साखर कदी इचारल्याबिगर घेतली न्हाय. आन् आता किल्ल्या करती म्हणता. ऱ्हाऊ द्या. चोर म्हणून न्हाय येयाची म्या."

ती गेली, ती आलीच नाही. तिचा चहाचा पेला ओट्यावर पालथा होता, तो मी उचलला नाही. तुमचे फोन येतात, पण सकाळच्या चहाला समोर बसून माझ्या भाजीला नावं ठेवणारं माणूस ते एकच होतं.

तरी मनात म्हटलं, आता तरी हे थांबेल. तो मग मी पुन्हा धुऊन, कोरडा करून आत ठेवला. परीक्षेच्या पेपरांची पाकिटं आम्ही जशी सील करायचो, तशी कपाटाच्या दोन्ही दारांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर आडवी सही केली. त्या पट्टीखालून मुंगीसुद्धा गेली नसती. रुक्मिण तेव्हा तेरला, लेकीच्या बाळंतपणाला होती, हे मी शेजारणीकडून काढून घेतलं होतं.

काही दिवसांनी बघितलं. पट्टी जशीच्या तशी होती. सही जुळत होती. आणि काचेतूनच दिसत होतं... मगाच्या खालच्या ओठावर पांढरा ओघळ.

मी कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी तपासली. खिळे गंजलेले, जागच्या जागी. तुमचे बाबा म्हणाले, दमट हवेने बुरशी धरते. मे महिन्यात धाराशिवला दमट हवा! पण फळ्यांना सांधे असतात आणि माणसांना लेकी, सुना, भाचरं असतात. माझा संशय पुरता गेला नव्हता.

म्हणून ह्या येळवशीला मी रिक्षा करून रुक्मिणच्या शेतावर गेले. बोलावणं नव्हतं. पण त्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला कुणी उपाशी परत पाठवत नाही, आणि मी तेवढंच धरून गेले. माफी मागायला नव्हे. मला तिच्यासमोर तो मग ठेवून तिचा चेहरा बघायचा होता.

"या बाई, बसा," एवढंच ती म्हणाली. भजी, भाकरी, आंबील सगळं वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. जेवण झाल्यावर मी पिशवीतून मग काढला आणि कोपीत पांडवांशेजारी ठेवला.

"घिऊन आलाव व्हय!" म्हणत तिने त्याला चुन्याचं बोट लावलं आणि काठोकाठ आंबील भरलं. तिची माणसं मडकं घेऊन 'ओलग्या, ओलग्या' असा पुकारा करत शेताभोवती आंबील शिंपडायला गेली. कोपीपुढे आम्ही दोघीच उरलो. टळटळीत दुपार. मी ठरवलं होतं, मगावरून नजर हटवायची नाही.

"बाई," रुक्मिण हलक्या आवाजात म्हणाली, "आता कुणी न्हाय. खरं सांगा. तुमीच पाजत व्हता न्हवं?"

"मी?"

"साहेब गेल्यापास्नं त्येंच्या आठवणीनं पाजत असाल. शिकल्याली माणसं लाजत्यात. म्या कुणाला बोलणार न्हाय. पर आळ माझ्यावर कशाला घातलाव?"

मी थक्क झाले. मी तिच्यावर पाळत ठेवत होते तेव्हा ही माझ्यावर ठेवत होती! मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले, आणि ती माझ्या. ती खोटं बोलत नव्हती. मी तर नव्हतेच नव्हते.

कोपीकडे वळलो तेव्हा मग रिकामा होता.

खालची माती कोरडी. मग उचलला, बूड चाचपलं, कुठे चीर नाही. खालच्या ओठावर तेवढा ओघळ.

"तुमी पिलाव?" रुक्मिण म्हणाली.

"तूच प्यालीस!"

"तोंड दावा."

"आधी तू दाखव."

दोन म्हाताऱ्या कोपीसमोर गुडघ्यांवर बसून एकमेकींच्या तोंडाचा वास घेत होत्या. दोघींच्याही तोंडाला आंबिलाचा आणि लसणाचा वास. येणारच, दोघीही पोटभर प्यालो होतो. रुक्मिणला हसू फुटलं, ते आवरेचना. मला त्या वेळी हसू आलं नाही. पण तिचा हात धरूनच मी उठले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि पालथा पेला सरळ करून चहाला बसली. तो मग तेव्हापासून तिच्या घरी आहे, फळीवर. तिथे कोरडा असतो असं ती म्हणते. मी जाऊन बघितलेलं नाही. ती अजून माझ्या कपाटाकडे एक नजर टाकते, आणि मी तिच्याकडे.

हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. इरा, तुला तो मग हवाच असेल तर पुढच्या येळवशीला ये, नीललाही आण, आणि रुक्मिणकडून स्वतः मागून घे. फक्त एक करा. तो भरून रिकामा होईपर्यंत तुम्ही दोघांनी आंबिलाला तोंड लावू नका. आमच्या दोघींची साक्ष कुणी धरणार नाही.

— आजी