आवाज नसलेली बस

समिधा हिंदी मुलखातल्या एका शहरात, कांचघर वस्तीत राहते आणि एका शाळेत गाणं शिकवते. लहानपणी एका आजारात तिचे डोळे गेले, पण गेली एकोणीस वर्षं ती एकटीच बसने शाळेत जात होती. डिझेलची बस वळणावर आली की पायाखालची जमीन थरथरायची. समिधा काठी सावरून एक पाऊल पुढे व्हायची आणि कंडक्टर हात द्यायचा.

यंदा विजेच्या बसगाड्या आल्या. पहिल्या दिवशी ती स्टॉपवर पाऊण तास उभी होती. शेवटी चहावाला म्हणाला, "दीदी, आपकी दो बसें निकल गईं."

मग रोज शेजारी उभं असेल त्याला विचारणं आलं, बस आली का, आता तरी आली का. तिला विचारायची सवय नव्हती. घरी पेटी घेऊन बसली तरी कान रस्त्याकडेच असत. एका सकाळी कडेने चालताना टायरची नुसती सळसळ झाली आणि काठी हातातून उडाली. लागलं काही नाही, पण त्यानंतर चार दिवस ती शाळेत गेली नाही.

"काहून जिद्द करून राहिली, ताई?" धाकटा भाऊ शैलेंद्र म्हणाला. "मी सोडतो न रोज स्कूटरवर."

"आणि तुझी बदली झाली की?"

शैलेंद्र बँकेत होता.

"मला डेपोत घेऊन चल," ती म्हणाली.

डेपोत अंबादास नावाचा ड्रायव्हर तयार झाला. रिकाम्या आवारात त्याने तिच्याभोवती बस हळूहळू फिरवली. एक बारीक सूर होता, वेग वाढला की चढणारा. समिधाने तो गुणगुणून दाखवला.

"इथं येते ऐकू, दीदी," अंबादास म्हणाला. "चौकात हॉर्नमध्ये मलाच नाही येत."

तसंच झालं. चौकात तो सूर तिला एकदाही सापडला नाही. अंबादासची पाळी असली की तो बस थांबवून खिडकीतून हाक मारतो. बाकीच्या दिवशी ती शैलेंद्रच्या मागे स्कूटरवर बसून जाते.

बसला थोडा आवाज द्या, असे दोन अर्ज तिने केले. उत्तर आलं नाही. तिसरा काल ती स्वतः बसच्या कार्यालयात घेऊन गेली आणि तिथले साहेब भेटेपर्यंत बाकावरून उठली नाही.

"देखते हैं," साहेब म्हणाले.

"कब, वो बताइए," समिधा म्हणाली. "मैं उसी दिन आऊँगी."