जाळ्याची गोधडी

परवा पनवेलच्या मासळी बाजाराबाहेर कुणीतरी ओलं जाळं वाळत घातलं होतं. त्या वासासरशी मी आपटा गावातल्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबा जाऊन महिना झाला होता. त्यांनी स्वतः विणलेलं जाळं न्यायला दुसऱ्या दिवशी काका येणार होते. आईनं जुन्या लुगड्यांचे थर अंगणात अंथरले, त्यांवर ते जाळं ताणून पसरलं आणि दिवसभर ओणवी होऊन खडूनं त्याचं एकेक घर आखलं. त्या रेषांवरून ती गोधडी शिवणार होती.

"बाबांचं जाळं देतेस कशाला?" मी रडत विचारलं.

"जाळं पान्यात पायजे, पोरी. खुंटीवर टांगून कुजवायचं हाय काय?"

रागानं मी ती गोधडी कित्येक दिवस अंगावर घेतली नाही.

आता करंजाड्यात मी बायकांना गोधडी शिवायला शिकवते. वाटी, चाळण, खिडकीची जाळी, जे हाताशी असेल ते कापडावर ठेवून आखते. त्या दिवशी अंगणात मला वाटलं होतं, आईनं बाबांची वस्तू देऊन टाकली. देण्याआधी त्यांनी मारलेल्या प्रत्येक गाठीवरून तिनं एकदा बोट फिरवून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.